एकावन्न भांड्यांचं नाव

भैय्याजी भांडेवाल्यांच्या वर्षश्राद्धाची पत्रिका प्रफुलनं चांगल्या गुळगुळीत कागदावर छापून घेतली होती. वर भैय्याजींचा हसरा फोटो आणि खाली ‘आदर्श पती, प्रेमळ पिता, लाडके आबाजी’. आता, गेलेल्या माणसाला आदर्श व्हायला फारसं काही करावं लागत नाही. छापखान्यात तो मजकूर तयारच असतो, फक्त फोटो बदलायचा. पण भैय्याजींच्या बाबतीत गावाला तरी तो मजकूर खोटा वाटला नाही. माणूस खरंच लोकांना आवडायचा.

नाचणगावात घर आणि पुलगावच्या बाजारात भांड्यांचं दुकान. भांडी काय, बाजारात चार दुकानांत मिळायची. पण भांड्यांवर नावं टाकण्यात भैय्याजींचा हात धरणारा कोणी नव्हता. आधी छिन्नी-हातोडीनं टिंब टिंब ठोकून, नंतर विजेचं मशीन आलं तेव्हा मशीननं. पंचक्रोशीत पोरीचं लग्न निघालं की बाप भैय्याजींच्या दुकानात यायचा. भैय्याजी चष्मा कपाळावर चढवून त्याला नाव दोन-दोनदा विचारायचे. "बराबर सांगजा भाऊ," म्हणायचे, "भांड्यावरचं नाव मग खोडता येत नाई." गुंडावर, गंजावर, परातीवर, अगदी चमच्याच्या दांडीवरसुद्धा त्यांची गोल अक्षरं उमटायची, आणि पोरगी सासरी गेली की तिच्या आधी तिची भांडी तिचं नाव सांगायची.

अशा माणसाच्या बायकोला नशीबवान म्हणायला बायकांना जड जात नव्हतं. वर्षश्राद्धाच्या दिवशी सकाळपासून ज्या येत होत्या त्या अनुसयाबाईजवळ बसून एकच वाक्य बोलत होत्या. बाई, तू पुण्याची, शेवटच्या श्वासाला नवऱ्यानं देवाचं नाही घेतलं, तुझं नाव घेतलं. अनुसयाबाई मान खाली घालून ऐकून घेत होती. सत्तरी उलटलेली, काटक, कामाला वाघ असलेली बाई. तिला वाटत होतं की उठावं आणि हे वाक्य बोलणाऱ्या एकेकीच्या तोंडात बुंदीचा गोळा कोंबावा. कारण शेवटच्या श्वासाला नवऱ्यानं जे नाव घेतलं असं लोक म्हणत होते, ते तिचं नव्हतंच.

तिचं नाव पंचफुला.

जाम चौरस्त्यावर तिच्या मामाचा चहाचा ठेला होता. आईबाप लहानपणीच गेलेले, मामानं वाढवलेली. ट्रकवाल्यांचे ग्लास विसळता विसळता ती बावीस वर्षांची झाली आणि केळझरचं स्थळ आलं. मुलगा दुसरवर होता. पहिली बायको अकरा महिने नांदून काविळीनं गेलेली, मूल नाही, मुलगा देखणा, घरचं दुकान. मामाला आणखी काय पाहिजे होतं? बघायला आले तेव्हा मुलानं नाव विचारलं आणि तिनं खालच्या मानेनं पंचफुला असं सांगितलं. चांगलं हाय, म्हणाला. तेवढंच. पण पोरीनं ते ‘चांगलं हाय’ लग्नापर्यंत जपून ठेवलं.

लग्नात नवरीचं नाव बदलायची वेळ आली. ताटात तांदूळ पसरले, नवऱ्याच्या हातात अंगठी दिली. तेव्हा सासू रुख्माबाई मध्ये पडली आणि म्हणाली, हिचं नाव अनुसया ठेवायचं. मांडवात कुजबुज झाली, कारण मेलेल्या सुनेचं नाव अनुसयाच होतं. कोणी म्हाताऱ्यानं धीर करून म्हटलंही, की असं करू नये. रुख्माबाईनं त्याला गप्प केलं. तिचं म्हणणं अगदी सरळ होतं, त्यात कसलाही गुंता नव्हता.

"घरात एकावन्न भांड्यावर नाव टाकलेलं हाय," ती म्हणाली. "ते का आता फेकून देऊ? पोरीचं नाव बदलाले काय लागते?"

आणि बदललं. भैय्याजीनं अंगठी तांदळावर टेकवली, क्षणभर हात थांबला, मग त्यानं ‘अनुसया’ लिहिलं. त्याची अक्षरं सुंदर होती. ती एकावन्न भांडीही त्यानंच केलेली. पहिलीच्या लग्नाआधी, रोज दुकान बंद झाल्यावर, एकेक भांडं मांडीवर घेऊन. हे पंचफुलाला नंतर कळलं. रोज घासताना अक्षरं बोटांना लागायची आणि तिला कळायचं की हे कोणीतरी फार मन लावून केलं आहे.

रुख्माबाईनं दुसराही नियम घातला. पहिलीचा उल्लेख घरात करायचा नाही, फोटो ठेवायचा नाही. मेलेलीचं बोलत राहिलं तर ती उंबऱ्यापाशी येऊन बसते म्हणे. दोन वर्षांत केळझरचं बिऱ्हाड हललं आणि सगळे नाचणगावात आले. इथं कोणाला काय माहीत? इथं एकच अनुसया होती, भांड्यांवर तिचं नाव होतं, रेशनकार्डावर तिचं नाव होतं. पुढे प्रफुल झाला, त्याच्या शाळेच्या दाखल्यावरही आईचं नाव तेच लागलं. जामचा मामा मेला, मामी आपल्या भावाकडे निघून गेली. सासूही गेली. मग पंचफुला हे नाव घरात दोनच माणसांना ठाऊक राहिलं, एक ती स्वतः आणि दुसरे भैय्याजी. तिनंही ते मुलाला सांगितलं नाही. सांगायचं म्हटलं तर पहिलीचंही सांगावं लागलं असतं, आणि सासू मेली तरी सासूचा धाक काही लगेच मरत नाही.

भैय्याजी नवरा म्हणून वाईट नव्हते, हे कोणीही सांगेल, तीही सांगे. आवाज चढवला नाही, हात उगारला नाही, दुखलंखुपलं तर डॉक्टरकडे नेलं. फक्त त्यांनी तिला कधी नावानं हाक मारली नाही. ‘अवो’ म्हणायचे. प्रफुल झाल्यावर ‘प्रफुलची माय’. तिनं त्याचं वाईट वाटून घेतलं नाही. त्या काळी कोणता नवरा बायकोला चारचौघांत नावानं बोलवायचा? तरी दुपारी दुकानातून येऊन ते उंबऱ्यावर चपला काढायचे, तेव्हा कधीकधी तिच्या मनात यायचं, की आज मारतील हाक. उसनं तर उसनं, त्या नावानं का होईना, एकदा मारतील. अठ्ठेचाळीस वर्षं तिनं ही फुकटची आशा केली आणि कोणाला पत्ता लागू दिला नाही.

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर भैय्याजींना लकवा झाला. उजवं अंग गेलं. वर्ध्याच्या दवाखान्यात आठ दिवस ठेवलं आणि मग डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, म्हणजे काय ते सगळ्यांना समजलं. समोरच्या खोलीत खाट टाकली. अनुसयाबाईनं उशापाशी बस्तान मांडलं ते मांडलं. आणि घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी ती त्यांचं तोंड पुसत होती तेव्हा, ते तिच्याकडे पाहून बोबड्या जिभेनं म्हणाले, "अनुसये."

तिच्या हातातला ओला रुमाल तसाच राहिला. सून रक्षा दारातच होती, तिनं ऐकलं आणि सासूची थट्टा केली, की आई, म्हातारपणी रंग चढला तुमच्या नवऱ्याला. सत्तरीची बाई लाजली. हसू नका, पण ती खरंच लाजली, आणि मोरीत जाऊन उगाच हात धूत उभी राहिली.

दोन दिवस ती हवेत होती. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, अनुसये, हिंगणघाटला जायचं काय तुझ्या बाबाकडे, पोळ्याला. तिचा बाप हिंगणघाटचा नव्हता. तिला बापच नव्हता. हिंगणघाट हे पहिलीचं माहेर होतं.

एखादी बाई तिथंच उठून गेली असती. ही बसून राहिली. याचं कारण तिनं स्वतःशीही कबूल केलं नाही, पण ते होतं असं, की भैय्याजी पहिलीशी जे बोलत होते ते फार गोड होतं. जळक्या भाकरीवरून चिडवत होते. कशावरून तरी रुसलेली होती ती, तिला मनवत होते. हस ना वो, म्हणत होते. अठ्ठेचाळीस वर्षांत या माणसानं आपल्याशी ‘तेल संपलं काय’ आणि ‘पोरगा जेवला काय’ यापलीकडे चार वाक्यं धड बोलली नाहीत, आणि त्याच्या पोटात हे सगळं होतं. मग ती अनुसया झाली. रुसल्यासारखं करायची, हो म्हणायची, येईन म्हणायची. एकदा हसलीसुद्धा. नऊ दिवस तिनं पहिलीच्या ताटातलं असं चाखून पाहिलं.

दहाव्या दिवशी दुपारी ती त्यांना चमच्यानं पाणी पाजत होती. घरात बाकी सगळे मागच्या अंगणात होते. भैय्याजींनी डाव्या हातानं तिचं मनगट धरलं आणि फार विश्वासानं, गुपित सांगावं तसं सांगितलं.

"अनुसये, आईनं एक बाई आणून देली मले. चांगली हाय बिचारी, मोठी कामाची हाय. पण तिले म्या तुह्या नावानं कधी हाक नाई मारली. एकदाबी नाई. तुहं नाव तुह्यासाठीच ठेवलं."

म्हणजे ती रीत नव्हती. लाज नव्हती, चारचौघांचा संकोच नव्हता. अठ्ठेचाळीस वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ तो माणूस ठरवून हाक गिळत होता आणि त्याचं पुण्य पहिलीच्या खात्यावर जमा करत होता. तिनं चमचा वाटीत ठेवला. मनगट सोडवून घेतलं. जवळ वाकली, कारण त्यांना कमी ऐकू यायचं आणि तिला एकही शब्द वाया जाऊ द्यायचा नव्हता.

"अनुसया मेली," ती म्हणाली. "कावीळ झालती तिले. पन्नास वर्स झाले, तुम्हीच तिले जाळून आले. मी पंचफुला आहो. जामची पंचफुला."

भैय्याजींच्या डोळ्यांत ते हळूहळू उतरत गेलेलं तिनं पाहिलं. पहिलीचं मरण त्यांना पुन्हा एकदा कळलं, जणू आत्ताच कोणी निरोप आणला. तोंड वाकडं झालेलंच होतं, ते आणखी वाकडं झालं आणि घशातून आवाज निघाला. आणि तिला बरं वाटलं. खोटं कशाला सांगायचं, फार बरं वाटलं. वाटीतलं पाणी अर्धं तसंच होतं. ती उठून मागच्या खोलीत गेली आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

संध्याकाळपर्यंत राग ओसरला, तसा राहतो कुठं तो? तिला पाण्याची वाटी आठवली. उठून ती समोरच्या खोलीकडे निघाली तर दार लोटलेलं आणि दारात प्रफुल. आई, तू थकली, आता तू आराम कर, म्हणाला. बाबांना झोप लागली आहे. ती म्हणाली, नुसतं पाहून येते. त्यानं तिचा खांदा धरून तिला मागं वळवलं. दुसऱ्या दिवशीही तेच. रक्षा नाहीतर नात मयुरी आत असायच्या, दार लोटून घेतलेलं असायचं आणि आत मोबाईलवर मोठ्या आवाजात भजनं लावलेली. ती दारापाशी जाऊन उभी राहायची, भजनाशिवाय काही ऐकू यायचं नाही. कोणीतरी येऊन तिला हाताला धरून मागं न्यायचं. तिनं भांडण केलं नाही. तिची खात्री झाली होती की भैय्याजींनी मुलाला सगळं सांगितलं, ही बाई माझ्याजवळ नको म्हणाले. तिच्या मते ते बरोबरच होतं. मरणाऱ्या माणसाशी असं कोणी बोलतं का?

तिसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तेव्हा सगळं आटोपलं होतं. प्रफुल तिच्या गळ्यात पडला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, की आई, बाबा शेवटपर्यंत तुझंच नाव घेत गेले. बायकांनी हुंदका काढला. तिनं ऐकलं ते वेगळं. ती इतकं बोलली, नाव सांगितलं, गाव सांगितलं, तरी तो माणूस जाताना अनुसया अनुसया करतच गेला. मेलेली बाई पुन्हा जिंकली.

वर्षभर हेच तिला खात होतं. आपण जे बोललो त्याची टोचणी होतीच, पण त्याहून मोठं हे होतं, की ते बोलूनसुद्धा त्यांनी आपल्याला ओळखलं का नाही? एकदा तरी, त्या दोन दिवसांत, त्यांच्या ध्यानात आलं का की उशाशी बसली होती ती पंचफुला होती? क्षमा नको होती तिला. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं, फक्त तिच्या नावानं दिलेल्या असायला हव्या होत्या. हे विचारणार कोणाला? ज्यांना विचारायचं त्यांना त्या नावाची बाई असते हेच ठाऊक नव्हतं.

तर वर्षश्राद्धाचा दिवस. सकाळी भटजींचं काम झालं. अकराला अंगणातल्या मांडवात स्मृतिसभा सुरू झाली. निवृत्त मुख्याध्यापक प्रभाकरराव बोलायला उठले आणि भैय्याजींच्या अक्षरावर वीस मिनिटं बोलले. त्यांच्या चार पोरींची भांडी भैय्याजींकडचीच होती. मग प्रफुलनं माईक घेतला. प्रफुल बोलका नाही, दुकानात गिऱ्हाइकाशीसुद्धा मोजकंच बोलतो. बाबांनी आपल्याला इमानदारी शिकवली, म्हणाला. मग म्हणाला, की माझ्या बाबांनी आयुष्यात एकाच बाईचं नाव घेतलं, जातानाही तेच घेतलं, ते म्हणजे माझी आई. आणि हे बोलताना त्यानं डाव्या कानाची पाळी ओढली.

अनुसयाबाई ताठ बसली. चौथीत असताना गल्ल्यातून चाराणे उचलले तेव्हापासून तिला तो कान माहीत होता. प्रफुल खोटं बोलताना कानाची पाळी ओढतो. म्हणजे जाताना भैय्याजी अनुसया म्हणालेच नाहीत. मग काय म्हणाले?

मांडवात बायका डोळे पुसत होत्या. ती गुडघ्यांवर हात टेकत उठली आणि घरात गेली. स्वयंपाकघराला लागून कोठीची खोली होती, तिथं बुंदीच्या टोपल्यांपाशी तिची नात मयुरी एकटीच बसली होती. नागपूरला शिकते, वीस वर्षांची, आजोबांचा जीव होता तिच्यावर. तिचा चेहरा रागानं लाल झालेला.

तुझा बाप खोटं बोलला, आजी म्हणाली. मयुरीनं वर पाहिलं. तिला वाटलं आजीला सगळं कळलं. ती उठली, तिनं दार लोटून घेतलं आणि आजीचे दोन्ही हात हातात घेतले. तिचं म्हणणं होतं की आजीपासून लपवणं तिला पहिल्या दिवसापासून पटलं नव्हतं. शहाणी पोरगी होती, आजीला धक्का बसू नये म्हणून तिनं फार हळू आवाजात सुरुवात केली. आबाजी माणूस चांगले होते, त्यात काही वाद नाही. पण आजी, त्यांच्या आयुष्यात एक दुसरी बाई होती.

"कोण?" आजीनं विचारलं.

"आम्हाले नाई माहीत. पंचफुला म्हणून कोणी होती."

कोठीत बुंदीचा गोड वास दाटला होता. अनुसयाबाई टोपलीच्या काठाला धरून खाली बसली. मयुरी घाईघाईनं सांगत राहिली. त्या दिवशी दुपारी आई आबाजींच्या खोलीत गेली तर ते रडत होते आणि पंचफुला, पंचफुला करत होते. आईनं बाबांना सांगितलं. बाबा हादरलेच. इतकी वर्षं देवासारखा मानलेला बाप आणि शेवटी तोंडात कुठल्या तरी बाईचं नाव. आजीच्या कानावर हे पडलं तर ती जीव देईल, असं बाबा म्हणाले. म्हणून दार लावलं, म्हणून भजनं लावली. दोन दिवस आबाजी तेच नाव घेत होते. पाणी पाजायला गेलं की तोंड फिरवायचे आणि विचारायचे, पंचफुला कुठी गेली?

"दोन दिवस?"

"दोन दिवस, आजी. शेवटपर्यंत."

मयुरीनं मोबाईल काढला. आबाजींचा आवाज राहावा म्हणून तिनं शेवटच्या सकाळी थोडं रेकॉर्डिंग केलं होतं, एकच मिनिटाचं, कोणाला ऐकवलेलं नव्हतं. तिनं मोबाईल आजीच्या कानाशी धरला. आधी भजन ऐकू आलं. मग भजनाच्या मागून, फार लांबून यावा तसा, भैय्याजींचा आवाज आला. "पंचफुला. अवो पंचफुला. ये ना वो. चुकलं माहं." थोडा वेळ नुसता श्वास. पुन्हा, "पंचफुला." आणि मग प्रफुलचा दबलेला, चिडका आवाज, "बाबा, चूप राहा. आई आयकन."

त्यानंतर भैय्याजी काही बोलले नव्हते. भजन संपेपर्यंत भजनच होतं.

अठ्ठेचाळीस वर्षं ज्या हाकेची वाट पाहिली ती अशी दोन दिवस त्या दाराच्या आत चालली होती, आणि ती दाराच्या बाहेर उभी होती. मध्ये फक्त एक फळी होती. तिनं धक्का दिला असता तरी उघडली असती. तिचा जीव अक्षरशः तळमळला, आणि त्यातच, लाज वाटावी असा, आनंदही झाला. चांगलं उच्चारायचे ते तिचं नाव. ती मयुरीला म्हणाली, "अजून एकदा लाव."

पण तेवढ्यात दार ढकलून प्रफुल आत आला. त्याला आई उठून गेलेली दिसली होती. त्यानं पोरीच्या हातातला मोबाईल पाहिला आणि आईचा चेहरा पाहिला. आधी त्यानं मयुरीवर हात उगारला, मग तो तसाच खाली घेऊन आईसमोर फरशीवर बसला. पंचेचाळीस वर्षांचा, शुगर असलेला, केस पांढरे झालेला माणूस लहान पोरासारखा आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडू लागला.

आई, तुझ्यासाठीच केलं, तो सांगत होता. तुझा संसार शेवटच्या दोन दिवसांत नासू नये म्हणून केलं. तुला त्या खोलीत येऊ दिलं नाही, मला माहीत आहे तू दारात येऊन उभी राहायची, माझ्या काळजाला घरं पडायची. पण ते नाव तुझ्या कानावर जाऊ द्यायचं नव्हतं. शेवटी मी बाबांच्या कानाजवळ जाऊन बोललो, आई. मरणाऱ्या बापाला बोललो मी. म्हटलं, आता एकदाही ते नाव काढलं तर मी तुम्हाला खांदा देणार नाही. त्यावर ते गप्प झाले. मग बोललेच नाहीत. अर्ध्या तासानं गेले.

अनुसयाबाई त्याच्या डोक्यावर हात ठेवून बसली होती. तिच्या जिभेवर दोन शब्द होते. ते मीच. एवढं म्हटलं की भैय्याजींवरचा डाग धुतला जाणार होता आणि तिला तिचं नाव परत मिळणार होतं. आणि हे पोरगं, ज्यानं चांगुलपणानं बापाचा गळा दाबला होता, ते त्या दिवसानंतर पुन्हा कधी झोपलं नसतं. खरं बोलून माणसाचं काय होतं ते तिनं एकदा डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हा तिला बरं वाटलं होतं. आत्ता वाटणार नव्हतं.

प्रफुलनं तोंड वर केलं. "आई, तुले माहीत होतं काय तिचं? कोण होती ते?"

"होती जामची एक," ती म्हणाली. "चहाच्या ठेल्यावर काम करे."

"आता कुठी राह्यते?"

"मेली ते. तू झाला त्याच्या पहिलेच मेली."

प्रफुलच्या चेहऱ्यावरचा ताण इतका लगेच उतरला की तिला पाहवलं नाही. म्हणजे लग्नाआधीचं काही असेल, तो मयुरीकडे वळून म्हणाला. म्हणजे बाबांनी आईला फसवलं नाही. तरणेपणी कोणावर जीव बसतो, मेलेल्या माणसाची शेवटी आठवण येते, त्यात काय एवढं. त्याला त्याचा बाप परत मिळाला होता. वर्षभरात पहिल्यांदा तो मोकळा हसला, नाक पुसत, डोळे पुसत, आणि मग त्यानं मयुरीपुढे हात केला.

मोबाईल दे, म्हणाला. मयुरी देईना. आबाजींचा तेवढाच आवाज उरला आहे, म्हणाली. प्रफुल समजुतीनं बोलला, चिडला नाही. आईनं एकदा ऐकलं तेच फार झालं, म्हणाला, आता तिला पुन्हा हा त्रास नको. आवाजच पाहिजे तर दुकानातले व्हिडिओ आहेत. मयुरीनं आजीकडे पाहिलं. आजीनं एक शब्द काढला असता तर पोरीनं मोबाईल जीव गेला तरी सोडला नसता. प्रफुलनं मोबाईल घेतला, चष्मा नव्हता म्हणून लांब धरून ते रेकॉर्डिंग शोधलं आणि पुसलं. मग त्याला आठवलं की पुसलेलंही कुठंतरी महिनाभर पडून राहतं. तिथं जाऊन त्यानं तेही काढून टाकलं, आणि नीट गेलं का ते मयुरीला दाखवून खात्री करून घेतली.

"झालं," तो आईचा हात धरून म्हणाला. "आता कोणी तुह्यापुढं ते नाव काढणार नाई. बरं केलं ना, आई?"

मांडवात पंगत बसत होती, पाणी वाढणाऱ्यांचा आवाज येत होता. अनुसयाबाईनं पदराच्या टोकानं पोराचे डोळे पुसले.

"बरं केलं, बाबू," ती म्हणाली.